दोन कळा आणि आत सरकलेली ओळ

संगणकाचा प्रोग्रॅम लिहिताना काही ओळी डाव्या समासापासून आत सरकवून लिहितात. ‘सी’सारख्या भाषेत यंत्राला या मोकळ्या जागेशी काही देणेघेणे नसते. कोणती आज्ञा कोणत्या अटीखाली येते, हे वाचणाऱ्या माणसाला चटकन कळावे म्हणून ही सोय. पण मध्येच नवी अट घातली, की तिच्याखालच्या सगळ्या ओळी पुन्हा सरकवाव्या लागतात. प्रत्येक ओळीपाशी जाऊन मोकळ्या जागा टंकत बसायचे का?

याचे सुटसुटीत उत्तर ‘व्हीआय’ या मजकूर-संपादकात मिळाले. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकणाऱ्या बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास त्याचे काम सुरू केले. घरी त्यांच्याजवळ एडीएम-३ए हे टर्मिनल आणि सेकंदाला ३०० बिट पाठवणारा मोडेम होता. एका अक्षराला १० बिट धरले, तर सेकंदाला ३० अक्षरे होतात. पडद्यावर ८० अक्षरांच्या २४ ओळी, म्हणजे १,९२० अक्षरे. सगळा पडदा नव्याने भरायला ६४ सेकंद! टर्मिनलला माऊस नव्हताच. थोडक्या कळांत जास्त काम करणे ही हौस नव्हती, गरज होती.

जॉय यांनी आज्ञांना जणू व्याकरणच दिले : आधी क्रिया, मग ती कशावर करायची ते. गणितातले ‘पेक्षा मोठे’ हे चिन्ह म्हणजे ‘उजवीकडे सरकव’. ते दोनदा दाबले की चालू ओळ सरकते; त्याआधी ५ दाबले तर पाच ओळी सरकतात. महिरपी कंसावर उभे राहून हे चिन्ह आणि मग टक्क्याचे चिन्ह दाबले, तर जोडीच्या कंसापर्यंतच्या सर्व ओळी सरकतात. टिंब दाबले की मागची कृती पुन्हा होते.

ते संथ मोडेम गेले, व्याकरण मात्र राहिले. ब्रॅम मोलेनार यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘व्हिम’मध्ये याच आज्ञा आहेत. त्याच वर्षी आलेल्या ‘पायथन’ भाषेत तर ही मोकळी जागा यंत्रही वाचते. ४० मुलांच्या गुणांची बेरीज करताना ‘बेरीज छाप’ ही ओळ आवर्तनाच्या आत राहिली, तर बेरीज ४० वेळा छापली जाते. बाहेर आली तर एकदाच. म्हणून विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम तपासताना आपण उत्तराबरोबर ओळींची मांडणीही पाहायला हवी.