ॲम्स्टरडॅमचे नगरचिन्ह

ॲम्स्टरडॅमचे नगरचिन्ह : नेदरलँड्सच्या राजधानीचे अधिकृत ढालचिन्ह. लाल ढालीवर मधोमध उभा काळा पट्टा, त्यावर एकाखाली एक तीन रुपेरी तिरके क्रूस, वर सम्राटाचा मुकुट, दोन बाजूंना ढाल तोलणारे सोनेरी सिंह आणि तळाच्या फितीवर तीन शब्दांचे ब्रीद, अशी त्याची रचना आहे. हे घटक वेगवेगळ्या शतकांत जोडले गेले.

क्रूस : हे संत अँड्र्यूचे क्रूस. या संताला तिरक्या क्रूसावर मृत्युदंड दिला गेला, अशी ख्रिस्ती परंपरा आहे. पूर, आग आणि प्लेग या शहरावरील तीन संकटांची ती खूण आहे, असे लोक सांगतात. 1421 व 1452 च्या आगींनी शहराची मोठी हानी केली होती, हेही खरे. तथापि शेजारच्या आउडर-आम्स्टेल आणि आम्स्टेलवेन या गावांच्या चिन्हांतही असेच क्रूस असल्याने, ते या भागातील पर्सैन या सरदार घराण्याच्या ढालीवरून आले असावेत, असे मानले जाते. काळा पट्टा म्हणजे आम्स्टेल नदी, असाही एक अर्थ लावतात.

मुकुट : हॅब्सबर्ग घराण्यातील मॅक्सिमिलियन याने, शहराने दिलेल्या कर्जाची व पाठिंब्याची जाण ठेवून, 1489 मध्ये मुकुट वापरण्याचा मान दिला. परदेशांत व्यापार करणाऱ्या शहराची पत त्यामुळे वाढली. पुढे 1578 मध्ये शहराची सूत्रे प्रॉटेस्टंटांकडे गेली व हॅब्सबर्ग राजाची सत्ता झुगारली गेली, तरी मुकुट कायम राहिला. 1638 मध्ये पूर्ण झालेल्या वेस्टरकेर्क चर्चच्या मनोऱ्यावरही तो आहे.

ब्रीद : हेल्डहाफ्टिख, फास्टबेराडन, बारमहार्टिख, म्हणजे शूर, निश्चयी, दयाळू. फेब्रुवारी 1941 मध्ये जर्मन फौजांनी शहरात शेकडो ज्यू तरुणांची धरपकड केली. त्याविरुद्ध 25 फेब्रुवारीला ट्राम कर्मचारी, गोदी कामगार आणि सामान्य नागरिकांनी संप पुकारला. गोळीबार व अटका करून तो चिरडण्यात आला. या धैर्याच्या गौरवार्थ राणी विल्हेल्मिना यांनी 1947 मध्ये हे ब्रीद बहाल केले. शहरातील बहुसंख्य ज्यूंचे प्राण मात्र वाचू शकले नाहीत. त्यामुळे हे शब्द अभिमानाइतकेच उत्तरदायित्वाचेही आहेत. क्रूसांचा उगम अनुमानाचा विषय आहे, मुकुट सत्ताधीशाच्या कृपेचा. ब्रीद मात्र सामान्य नागरिकांनी स्वतःच्या कृतीने मिळवले, आणि संपूर्ण चिन्हाला त्यामुळेच नैतिक वजन आले आहे.

वापर : 1975 मध्ये स्वीकारलेल्या शहराच्या ध्वजावर आणि पदपथांच्या कडेच्या लोखंडी खांबांवर तीन क्रूस दिसतात. संपाच्या स्मृतिदिनी, दरवर्षी 25 फेब्रुवारीला, मारी आंद्रीसन यांनी घडवलेल्या गोदी कामगाराच्या पुतळ्यापाशी नागरिक पुष्पचक्रे वाहतात.