आरसा फिरवणारा माणूस

परवा आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचा विषय निघाला. विषय क्रमांक चार. (तिसरा कबुतरांचा. तो दरवर्षी पुढल्या सभेवर ढकलण्यात येतो.) चेअरमनसाहेब म्हणाले, "मंडळी, उन्हाला कामाला लावायचं हे अगदी नवीन तंत्र आहे!" अस्मादिक पडले बँकेतले कारकून. जुन्या खातेवह्या उकरायची खोड. म्हटलं, सूर्याचंही खातं एकदा काढून बघू.

तर खातं मुळीच नवीन नाही. भाईंदरात तर नाहीच नाही. इथे इमारती उगवण्याच्या कितीतरी आधीपासून मिठागरं आहेत. भरतीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हावाऱ्यावर आटवायचं, की झालं मीठ. तेवढं पाणी चुलीवर आटवायचं तर येऊरचं जंगल केव्हाच संपलं असतं. सूर्याने सरपणाचं बिल कधी पाठवलं नाही. मात्र ते मीठ ओढून ढीग घालायला भर उन्हात आगरी माणूस उभा राहिला. ही नोंद लाल शाईने करून ठेवा.

दुसरी नोंद मुंबईची. विल्यम अ‍ॅडम्स नावाचा साहेब तिथे हायकोर्टात उपनिबंधक होता. म्हणजे आमच्याच फायलीवाल्या जातीचा. त्याने आठ आरशांची सूर्यचूल केली. मुंबईच्या जानेवारीतल्या उन्हात तिच्यावर सात शिपायांचं जेवण दोन तासांत शिजायचं. मग गड्याला चेव आला. मिडल कुलाब्यातल्या आपल्या आवारात त्याने सपाट आरशांची अर्धवर्तुळाकार रांग लावली, त्यांचं ऊन एका बॉयलरवर पाडलं आणि अडीच अश्वशक्तीचा वाफेचा पंप चालवून दाखवला. १८७८ साली त्यावर पुस्तकही लिहिलं. पण सूर्य एका जागी बसेल तर तो सूर्य कसला! तो सरकेल तसे आरसे ढकलायला मागे एक माणूस ठेवावा लागे. इतिहासात नाव साहेबाचं झालं. मला मात्र तो आरसे ढकलणारा जवळचा वाटतो. कारण ती नोकरी मीही केली आहे.

१९८२ साली केंद्र सरकारने अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग काढला आणि पुढे सूर्यचुली मध्यमवर्गीयांच्या घरांत शिरल्या. आमच्याकडेही आली. पेटीत काळे डबे, वर काच आणि झाकणाला आरसा. रॉकेलच्या रांगेतून सुटका होणार म्हणून आई हरखली होती. मी शाळकरी. थोड्याथोड्या वेळाने पेटी उन्हाकडे फिरवायची आणि कावळे हाकलायचे, ही माझी ड्यूटी. एके दिवशी मी गोट्यांत रमलो. पाण्याच्या टाकीची सावली पेटीवर कधी चढली कळलंच नाही. आईने डबा उघडला तर तूरडाळ गोट्यांइतकीच टणक. बाबा दुसऱ्या पाळीला भात-ताक जेवून गेले. आई रागावली नाही. "उद्यापासून स्टोव्हच बरा," एवढंच म्हणाली. चूल माळ्यावर गेली. वास्तविक नापास मी झालो होतो, सूर्य नव्हे.

हे सगळं सभेत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मी आकडे सांगितले. एक किलोवॅटला साधारण दहा चौरस मीटर गच्ची लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. पावसाळ्यात कमी. २०२४च्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायट्यांना सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान ठेवलं आहे. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचं बिल बरंच उतरेल. शेजारच्या इमारतीत सूर्यबंब आहे. त्यात काळ्या पत्र्याखालच्या नळ्यांत तापलेलं पाणी हलकं होऊन आपणहून टाकीत चढतं. पॅनेललाही दिवसभर फिरवत बसावं लागत नाही.

सगळ्यांनी माना डोलावल्या. ठराव मंजूर होणार, एवढ्यात तळमजल्यावरचे काका म्हणाले, "धूळ बसली की वीज घटते म्हणतात. आणि आपली कबुतरं आहेतच. पुसणार कोण?"

सभा एकदम शांत. चेअरमनसाहेब पंख्याकडे बघू लागले. विषय क्रमांक चार कबुतरांच्या वाटेने पुढल्या वर्षी उडणार, हे दिसत होतं. माझा हात वर गेला.

घरी येऊन आईला सांगितलं. आता तिला ऐंशी लागलंय. म्हणाली, "कर बाबा. फक्त खाली मुलं गोट्या खेळत असली तर गच्चीवरून बघत उभा राहू नकोस."