न जाणवणारी ठिणगी

मोबाइलच्या सर्किटबद्दल बोलायचंय, पण सुरुवात ऑपरेशन थिएटरपासून करू. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भूल द्यायला ईथर आणि सायक्लोप्रोपेन वापरत. दोन्ही चटकन पेट घेणारे. कुणाच्या कपड्यांतून एक ठिणगी उडाली की स्फोट, आणि असे स्फोट झालेही. म्हणून पुढे थिएटरांत वीज वाहून नेणारी फरशी आली, खास रबराचे बूट आले, अंगावर साठलेला विद्युतभार हळूच जमिनीत उतरावा यासाठी. म्हणजे उपाय ठाऊक होता. फक्त तिथं शत्रू दिसणारी ठिणगी होती.

आता 1960 च्या आसपास या. बेल लॅब्जमध्ये मोहम्मद अटाला आणि दावोन कांग यांनी मॉसफेट बनवला. आजच्या प्रत्येक चिपचा हा पूर्वज. त्याच्या गेटखाली काचेसारख्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. सुरुवातीच्या मॉसफेटमध्ये तो शंभरेक व्होल्टलाच फुटे. आणि आपल्याला दाराच्या मुठीचा चटका जाणवतो केव्हा? साधारण 3000 व्होल्टच्या पुढे! या दोन आकड्यांमधली दरी हाच सगळा इतिहास आहे. माणसाला काही कळतच नाही, आणि पार्ट गेलेला असतो.

ते मॉसफेट पाय एकमेकांना तारेनं किंवा धातूच्या कड्यानं जोडूनच विकले जात. आधी सोल्डर करा, मग कडं काढा, अशी सूचना. पुढे चिपच्या आतच संरक्षक डायोड घालू लागले. तरीही माल मरायचा, आणि दोष जायचा पार्ट बनवणाऱ्यावर. 1979 मध्ये डेन्व्हरला या एकाच विषयावर परिषद भरली. तोवर प्रश्न किती मोठा झाला होता, ते एवढ्यावरूनच कळतं.

सगळ्यात त्रासदायक प्रकार म्हणजे अर्धवट जखम. थर पूर्ण फुटत नाही, नुसता दुबळा होतो. फोन दुकानात सुरू होतो, गिऱ्हाईक खूश, आणि काही दिवसांनी बंद. लॅमिंग्टन रोडवर काय किंवा आपल्या गल्लीत काय, तेव्हा "डुप्लिकेट पार्ट घातला" असंच म्हणतात. कधी ते खरंही असतं, पण दर वेळी नाही. मुंबईच्या पावसाळ्यात दमट हवा भार टिकू देत नाही. डिसेंबरच्या कोरड्या पुण्यात सिंथेटिक स्वेटर घालून बोर्ड उघडा, मग बघा.

मनगटाच्या पट्ट्याबद्दल एक सांगतो, कारण इथं लोक फसतात. त्याच्या तारेत 1 मेगाओमचा रेझिस्टर असतो. तो काढून साधी तार अर्थिंगला जोडणारे मी पाहिलेत. असं करू नका! चुकून 230 व्होल्टला हात लागला, तर त्या रेझिस्टरमुळे पट्ट्यातून जेमतेम 0.23 मिलिअॅम्पिअर जातो. नुसत्या तारेनं जीव जाईल. भार उतरायला मात्र मेगाओमचा काही अडथळा होत नाही, क्षणात उतरतो.

आणि पिशव्या. गुलाबी पिशवी स्वतः भार तयार होऊ देत नाही, पण बाहेरून आलेली ठिणगी अडवत नाही. चंदेरी अडवते. काढलेला बोर्ड चंदेरीत ठेवा, आणि तोंड बंद करा.