सीझर चेलरचा रंधा

जुन्या घरात भिंत छताला मिळते तिथली लाकडी कंगणी पाहिली की लोक घराच्या मालकाची श्रीमंती मोजतात. मी सुतार आहे. मला ती ज्या रंध्याने उतरली तो रंधा आठवतो.

अठराव्या शतकातल्या न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागात, कंगणी हाताने उतरवत. तिची खोलगट-फुगीर वळणं रंध्याच्या तळाला आणि पात्याला उलटी घडवलेली असत. पातं एवढं रुंद की एकट्याला रेटवत नसे. सुतार मागून दाबायचा, शिकाऊ पोरगा पुढून दोरीने ओढायचा. दोघांचा जोर एका लयीत पडला नाही तर पातं अडतं आणि लाकूड उचकटतं. म्हणून नको असलेलं लाकूड आधी साध्या रंध्याने काढून टाकत आणि शेवटचा आकार तेवढा या मोठ्या रंध्यावर सोपवत.

बसवतानाही हिशेब होताच. फळी भिंत आणि छत यांच्यामध्ये तिरकी टेकवायची. मागे पोकळी राहते आणि पातळ लाकडात भारदस्त काम दिसतं. आतल्या कोपऱ्यात दोन्ही टोकं ४५ अंशांत कापली तर लाकूड आकसल्यावर फट पडते. त्यापेक्षा एक पट्टी सरळ कोपऱ्यात भिडवावी आणि दुसरीचं टोक तिच्या वळणांवर बसेल असं कोरावं. मी आजही असंच करतो.

असे रंधे करणारा अमेरिकेतला पहिला ज्ञात कारागीर मॅसॅच्युसेट्समधल्या रेंथम गावचा फ्रान्सिस निकल्सन. सीझर चेलर हा त्याचा कृष्णवर्णीय गुलाम. याच कामात चेलर तयार झाला. १७५३ मध्ये निकल्सन वारला. मृत्युपत्रात त्याने चेलरला मुक्त केलं. शिवाय काम करायचा बाक, हत्यारं, घडीव कामाच्या हत्यारांतला तिसरा हिस्सा, लाकूड आणि १० एकर जमीन दिली. याला मी उपकार म्हणणार नाही. चेलरने आधी जे राबून दिलं, त्याची ती उशिराची आणि अपुरी मजुरी होती.

चेलरने स्वतःचा ठसा केला: आपलं नाव आणि खाली ‘राहणार रेंथम’. निकल्सनच्या ठशावरही गावाचा उल्लेख असाच असे. बर्चच्या लाकडाचे त्याचे रंधे आज व्हर्जिनियातल्या कलोनियल विल्यम्सबर्गच्या संग्रहात आहेत. त्या काळच्या घरांबद्दल लिहिताना लंडनच्या बॅटी लँग्लीची नमुन्यांची पुस्तकं हटकून आठवतात; पण कागदावरचा आकार लाकडावर उतरायचा तो रंध्यानेच, आणि रंधा करणाऱ्याचं नाव त्याच पानावर यायला हवं.

मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने गुलामगिरीचा पाया काढून घेतला तो १७८३ मध्ये. पुढच्याच वर्षी चेलर वारला. तोवर तीस वर्षं त्याच्या नावाचे रंधे सुतारांच्या हातात फिरत होते.