घोड्याची हाताळणी

घोड्यावर स्वार न होता त्याला मोरकी व दोर यांच्या साहाय्याने हाती धरून नेणे, बांधणे, मोकळे सोडणे व त्याची निगा राखणे, यांस स्थूलमानाने घोड्याची हाताळणी म्हणतात. अश्वविद्येचा इतिहास राजे, सेनापती व नामांकित स्वार यांच्या नावांनी भरलेला आहे. हाताळणीचे काम मात्र बहुतेक सर्व देशांत मोतद्दाराकडे राहिले व त्याची नोंद क्वचितच झाली. तबेल्यात बराच वेळ कोंडून राहिलेला उतावळा घोडा पाणवठ्यावर, मैदानात किंवा कुरणात सुखरूप नेऊन सोडणे हा या कामाचा विशेष जोखमीचा भाग होय. प्रौढ घोड्याचे वजन सामान्यतः ४०० ते ५०० किग्रॅ. असते. तो बिथरल्यावर केवळ अंगबळाने एक माणूस त्याला आवरू शकत नाही. त्यामुळे हाताळणीचा इतिहास हा मुख्यतः धाक व विश्वास या दोन मार्गांमधील निवडीचा इतिहास आहे.

बुजण्याची कारणे : घोडा हा कळपात राहणारा व संकट दिसताच पळून जीव वाचविणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे सु. ३५०° इतके विस्तृत क्षेत्र त्याला दिसते. परंतु शेपटीच्या थेट मागचा व कपाळाच्या अगदी समोरचा भाग दिसत नाही. म्हणून मागून अचानक आलेल्या माणसावर तो लाथ झाडतो व समोरून एकाएकी पुढे केलेल्या हाताने दचकतो. कळपापासून एकट्यास दूर नेले, चंदी जास्त व मेहनत कमी झाली किंवा अनेक दिवस ठाणावर बांधून ठेवले, तर त्याचा उतावळेपणा वाढतो. मोकळे मैदान दिसताच उधळणे, पुढचे पाय उचलून उभे राहणे किंवा मोतद्दाराच्या अंगावर येणे, हे प्रकार बहुधा द्वाड स्वभावामुळे नव्हे, तर भीती व साचलेला जोम यांमुळे घडतात.

प्राचीन काळ : आजच्या पाळीव घोड्यांचे पूर्वज इ. स. पू. सु. २२०० च्या सुमारास व्होल्गा व डॉन या नद्यांच्या खोऱ्यांतील गवताळ प्रदेशातून सर्वत्र पसरले, असे प्राचीन जनुकांच्या अभ्यासावरून २०२१ मध्ये दाखविण्यात आले. पाठीचा बळकटपणा व स्वभावातील सौम्यपणा यांच्याशी निगडित असलेल्या जनुकांची निवड या घोड्यांत झालेली दिसते. माणसाच्या हाती राहू शकणारा घोडा हा अशा रीतीने दीर्घकालीन निवडीचे फळ आहे.

घोड्यांच्या शिक्षणावरील सर्वांत जुना विस्तृत लेख मितानी राज्यातील किक्कुली याच्या नावाचा असून तो हिटाइटांची राजधानी हट्टुसा (सध्याचे तुर्कस्तानातील बोगाझकई) येथे मृत्तिकापट्टांवर सापडला. रथाच्या घोड्यांची दौड, आहार, स्नान व विश्रांती यांचा अनेक महिन्यांचा दिनक्रम त्यात दिलेला आहे. त्यातील ‘ऐकवर्तन’, ‘तेरवर्तन’, ‘पंझवर्तन’ यांसारख्या संज्ञांचे संस्कृतशी असलेले साम्य अभ्यासकांना विशेष महत्त्वाचे वाटते.

हाताळणीचा स्वतंत्र विचार प्रथम ग्रीक लेखक झेनोफन (इ. स. पू. सु. ४३०–३५४) याच्या अश्वारोहणावरील ग्रंथात आढळतो. घोडा मोतद्दाराच्या मागून चालविला, तर मोतद्दाराला स्वतःचे रक्षण करता येत नाही व घोडा मनास येईल ते करतो. लांब दोराने पुढे चालविला, तर तो हव्या त्या बाजूस खोडी काढतो आणि उलटून माणसाच्या तोंडावर येतो. म्हणून घोडा बाजूने चालवावा, असे तो सांगतो. लगामावाचून बाहेर नेताना, उदा., लोळण्याच्या जागेकडे नेताना, चावा टाळण्यासाठी तोंडास जाळी बांधावी, हीही त्याची सूचना आहे. एखाद्या वस्तूस घोडा बुजला, तर मारू नये. माराने भीती दुणावते, कारण वेदना त्या वस्तूमुळेच होत आहे, असे घोड्याला वाटते. त्याऐवजी आपण स्वतः ती वस्तू हाताळून दाखवावी व घोड्याला सावकाश तिच्याजवळ न्यावे. घोड्याशी रागाने कधीही वागू नये, हा त्याचा मुख्य दंडक होय. तापट घोड्यासाठी त्याने ग्रंथात वेगळे प्रकरण दिले असून त्याला एकाएकी काहीही करावयास लावू नये, असे बजावले आहे.

प्लूटार्कने सांगितलेली ब्यूसेफलस या घोड्याची कथा याच तत्त्वाचे उदाहरण ठरते. घोडा स्वतःच्याच सावलीस बुजत आहे, हे अलेक्झांडरने ओळखले. त्याचे तोंड सूर्याकडे वळविले, त्याला थोपटीत काही अंतर त्याच्या बाजूने धाव घेतली व मगच त्याच्यावर स्वार झाला.

भारत : कौटिलीय अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाच्या कर्तव्यांवर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात तीक्ष्ण, भद्र व मंद असे स्वभावभेद सांगून त्यांनुसार घोड्यास युद्धाचे किंवा स्वारीचे काम द्यावे, असे म्हटले आहे. सूत्रग्राहक, अश्वबंधक, यावसिक (चारा देणारा), केशकार अशा सेवकांचीही यादी तेथे येते. एका घोड्यामागे किती भिन्न कसबांची माणसे लागत, याची त्यावरून कल्पना येते. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेल्या परंपरेत, तसेच नकुल व जयदत्त यांच्या नावांवरील ग्रंथांत घोड्यांची लक्षणे व चिकित्सा यांचा विचार आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासात (बारावे शतक) घोड्यांवरील खेळाचे वर्णन आढळते.

मराठ्यांच्या घोडदळात पागा व शिलेदार असे दोन प्रमुख विभाग होते [→ घोडदळ]. सभासद बखरीनुसार शिवाजी महाराजांच्या पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे आणि तेवढ्या घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. पावसाळी छावणीसाठी दाणा, वैरण व औषधे यांची तजवीज अगोदर केली जाई. भारतात घोडे कुंपणाच्या कुरणात सोडण्यापेक्षा अगाडी-पिछाडीने मेखांना बांधून ठेवण्याची चाल अधिक रूढ होती. त्यामुळे फेरफटक्यासाठी वा पाण्यावर नेताना घोडा सोडण्याची व पुन्हा बांधण्याची वेळ धोक्याची असे.

गर्दीत घोडा शांत राखण्याच्या कसबाचे जिवंत उदाहरण आळंदी-पंढरपूर वारीतील रिंगणात दिसते. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येणाऱ्या दोन अश्वांपैकी एकावर स्वार असतो. दुसरा, माउलींचा मानला जाणारा अश्व, स्वारावाचून असतो. टाळमृदंगांचा गजर व वारकऱ्यांची दाटी असतानाही हे अश्व रिंगणात दौडतात व त्यानंतर पुन्हा हाती घेतले जातात.

यूरोप : नेपल्सच्या फेदेरीको ग्रीझोने याचा १५५० मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ यूरोपभर गाजला; हट्टी घोड्यासाठी त्यात कठोर शिक्षा सांगितल्या आहेत. फ्रान्समध्ये आंत्वान द प्ल्यूव्हिनेल (१५५५–१६२०) याने हा मार्ग सोडून थोपटणे व शाबासकी यांना महत्त्व दिले. तेराव्या लुईचा तो अश्वशिक्षक होता. एकोणिसाव्या शतकात ओहायओचा जॉन सॉलोमन रेरी (१८२७–६६) याने १८५८ मध्ये इंग्लंडमध्ये क्रूझर नावाचा अत्यंत हिंस्र घोडा वश करून दाखविला. अपरिचित वस्तू घोड्याला हुंगू द्यावी, हे त्याचे म्हणणे झेनोफनच्या विचाराशी जुळते. तथापि पुढचा एक पाय पट्ट्याने बांधून घोडा खाली बसविण्याची त्याची पद्धत पूर्णतः सौम्य नव्हती.

कुरणात सोडण्याची रीत : अनुभवातून सिद्ध झालेले नियम आज बहुतेक ठिकाणी सारखे आहेत. मोतद्दार घोड्याच्या डाव्या बाजूस, मान व खांदा यांच्या दरम्यान चालतो. डाव्या बाजूची ही चाल, कमरेस डावीकडे तलवार लटकत असल्यामुळे स्वार त्याच बाजूने चढत, यावरून पडली असे सामान्यतः मानतात. उजव्या हातात मोरकीजवळचा दोर व डाव्या हातात उरलेल्या दोराच्या घड्या असतात. दोर हाताला कधीही गुंडाळावयाचा नाही. घोडा उधळल्यास माणूस फरफटत जातो. हातमोजे, मजबूत पादत्राणे व शिरस्त्राण वापरतात. दोर सतत ताणून धरल्यास घोडा अधिक ओढ घेतो. म्हणून क्षणभर दाब देऊन घोडा थांबताच तो सैल करतात. शर्यतीचे घोडे व वळू यांच्यासाठी, अठराव्या शतकातील जॉकी सॅम्युएल चिफ्नी याच्या नावाने ओळखली जाणारी कडी वापरतात. परंतु ती अननुभवी हातात घोड्याच्या तोंडास इजा करते.

फाटक पुरेसे उघडून घोडा आत नेल्यावर त्याला वळवून त्याचे तोंड फाटकाकडे करतात. तो स्थिर उभा राहिल्यावरच मोरकी सोडतात व मोतद्दार फाटकाच्या बाजूस मागे सरतो. घोडा वळून लाथा झाडीत दौडला, तरी त्या लाथांच्या टप्प्यात माणूस राहत नाही. अनेक घोडे असल्यास सर्वांना एकमेकांपासून दूर उभे करून एकाच वेळी सोडतात. एक आधी सुटला, तर उरलेले आवरत नाहीत. सोडताना पुठ्ठ्यावर थाप मारण्याची सवय घातक ठरते, कारण त्यामुळे सुटणे म्हणजे उधळणे असे घोडा शिकतो.

अश्वशिक्षणाच्या शास्त्रीय अभ्यासासाठी २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. दाब योग्य क्षणी सैल करणे ही घोड्याला कळणारी भाषा आहे, असे या अभ्यासातून दिसून येते. रोज मोकळे फिरावयास मिळणारा घोडा नेताना कमी उतावीळ असतो, असाही अनुभव आहे. तेव्हा सुरक्षिततेचा आरंभ दोर हाती घेण्यापूर्वी, घोडा किती काळ कोंडून ठेवला, येथूनच होतो. आणि त्या निर्णयाची किंमत मात्र निर्णय घेणाऱ्या मालकापेक्षा दोर धरणाऱ्या माणसालाच प्रथम चुकवावी लागते.