थर्टी झाली, फॉर्टी राहिली

ऑगस्ट 2017 मध्ये महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेने हाताने चालवावयाच्या टंकयंत्रावरील शासकीय परीक्षा शेवटची म्हणून घेतली, आणि ज्या प्रमाणपत्राच्या बळावर मराठी मध्यमवर्गाच्या कित्येक पिढ्यांनी तहसील कचेरीपासून मंत्रालयापर्यंतच्या दफ्तरांत प्रवेश मिळविला, ते प्रमाणपत्र त्या रूपाने मिळणे कायमचे बंद झाले. वर्तमानपत्रांनी या घटनेची नोंद घेतली ती मुख्यतः एका यंत्राचा निरोप म्हणून. मला मात्र तिचे दुसरे अंग अधिक विचार करण्याजोगे वाटते. एखादी परीक्षा अमुक दिवसानंतर होणार नाही असा हुकूम निघाला असता अर्ध्या वाटेवर असलेल्या उमेदवाराने काय करावे, आणि परीक्षा घेणाऱ्या सत्तेने त्याच्याशी कसा व्यवहार ठेवावा, हा प्रश्न त्या वेळी महाराष्ट्रातील गावोगावच्या टायपिंग क्लासांतून विचारला गेला; आणि संगणक क्षेत्रातील प्रमाणपत्रांच्या निमित्ताने आजचे तरुण तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारीत आहेत.

तो समजून घेण्यास कल्याणजवळच्या आंबिवलीसारखे गाव उपयोगी पडते. 1855 मध्ये कल्याणच्या पुढे वासिंदपर्यंत लोहमार्ग गेला तो याच मुलखातून. परंतु आंबिवलीचे रूप पालटले ते शेजारच्या मोहने येथे उभ्या राहिलेल्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या कारखान्याने, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘एनआरसी’ने. कारखाना, कामगारांची वसाहत, पाळ्यांचा भोंगा आणि कसारा-टिटवाळ्याच्या लोकल गाड्या यांवर तेथील जीवन चालत असे. रसायनांच्या उग्र वासात आयुष्य घालविणाऱ्या बापाची इच्छा अशी, की मुलाने, आणि पुढे मुलीनेही, पंख्याखालच्या खुर्चीवर बसून काम करावे. आणि त्या खुर्चीकडे जाणारी सर्वांत स्वस्त, सर्वांत निश्चित वाट टायपिंगच्या क्लासातून जात होती. दहावी-बारावीचे पेपर आटोपले की सुटीत मुलांना कल्याणला टायपिंगला घालावयाचे, हा कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यातील अनेक घरांचा शिरस्ता होता. नोव्हेंबर 2009 मध्ये एनआरसीला टाळे लागले, आणि थकलेल्या देण्यांची वाट पाहणाऱ्या घरांत सरकारी लिपिकाच्या जागेचे मोल पूर्वीपेक्षा कितीतरी वाढले.

हे क्लास ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो. एका लांबट खोलीत भिंतीला लागून टेबले, त्यांवर रेमिंग्टन, फॅसिट आणि गोदरेज यांची जड यंत्रे, तासातासाच्या बॅचा. (मुंबईच्या गोदरेज कंपनीने आपले पहिले टंकयंत्र 1955 मध्ये तयार केले आणि 2009 मध्ये त्यांचे उत्पादन थांबविले, म्हणजे परीक्षा बंद होण्याच्या आधीच यंत्र निघावयाचे बंद झाले होते.) पहिले काही दिवस इंग्रजी यंत्रावर ‘ए-एस-डी-एफ’ एवढेच गिरवावयाचे, करंगळीलाही तर्जनीइतकेच बळ येईपर्यंत. ओळ संपत आली की घंटी वाजे आणि डाव्या हाताने कॅरेज मागे लोटावी लागे. मराठी यंत्राची विद्या याहून कठीण होती. कळांची संख्या इंग्रजीएवढीच आणि अक्षरे कितीतरी अधिक, त्यामुळे कित्येक अक्षरे अर्ध्या रूपाला काना जोडून दोन ठोक्यांत उमटवावी लागत; ‘कि’ काढावयाचा तर ऱ्हस्व वेलांटी आधी आणि ‘क’ मागाहून, कारण कागदावर चिन्हे डावीकडून उजवीकडे ज्या क्रमाने दिसतात त्याच क्रमाने यंत्र लिहिते, उच्चाराचा क्रम त्याला ठाऊक नसतो. 1964 च्या राजभाषा अधिनियमानंतर राज्यकारभारात मराठीचा अंमल वाढत गेला, तशी ही कठीण विद्या जाणणाऱ्यांची दफ्तरांतील गरजही वाढली.

आणि या विद्येला पायऱ्या होत्या. मिनिटाला 30 शब्द ही पहिली, 40 ही दुसरी, आणि इंग्रजीत त्याहूनही पुढच्या. क्लासातल्या भाषेत ‘थर्टी’ आणि ‘फॉर्टी’. लिपिक-टंकलेखकाच्या पदाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 चे शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र लागे, आजही त्याच वेगाची अट आहे. म्हणून इंग्रजीची ‘थर्टी’ झालेला आणि ‘फॉर्टी’ राहिलेला उमेदवार हा नोकरीच्या हिशेबाने जवळजवळ रिकाम्या हाताचा. परीक्षा बंद होण्याच्या वार्तेने सर्वांत अधिक कोण हादरले असेल, तर तो हा मधल्या पायरीवरचा उमेदवार. ज्याने काहीच सुरू केले नव्हते, त्याचे काहीच बुडत नव्हते.

टंकयंत्रावरील परीक्षा बंद करून तिच्या जागी संगणकावरील टंकलेखन आणावे, असा निर्णय शासनाने 2013 मध्ये घेतला. नव्या परीक्षेला ‘जीसीसी-टीबीसी’ हे नाव मिळाले. वेगाच्या उताऱ्याबरोबर तीत ई-मेल, पत्र, तक्ता आणि संगणकाविषयीचे वस्तुनिष्ठ प्रश्न आले. निर्णय योग्य होता, यात मला शंका नाही. ज्या कचेऱ्यांतून टंकयंत्रे हद्दपार झाली त्या कचेऱ्यांसाठी टंकयंत्रावर परीक्षा घेत राहणे हा उमेदवारांच्या श्रमाचा अपव्ययच होता. परंतु त्याच्या अंमलबजावणीत जुन्या परीक्षेची मुदत एकाहून अधिक वेळा वाढविण्यात आली. क्लासचालकांची यंत्रे, त्यांची गुंतवणूक, शिकत असलेले विद्यार्थी, या सर्वांचा विचार करता मुदतवाढ देणे दयेचे होते हे मान्य. तथापि प्रत्येक मुदतवाढीबरोबर लोकांचा असा ग्रह दृढ होत गेला की शेवटची तारीख ही शेवटची नसतेच. मग जेव्हा ती खरोखरच शेवटची ठरली, तेव्हा गर्दी उसळली. परीक्षा वर्षातून दोनदा होत असल्याने एक संधी गेली म्हणजे सहा महिने गेले, आणि अखेरच्या संधीत नापास झालेल्याला सहा महिनेही उरले नाहीत.

या साऱ्या प्रकरणात तीन गोष्टींची गल्लत लोकांनी केली आणि अधिकाऱ्यांनी ती वेळेवर दूर केली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. परीक्षा केव्हा बंद होणार, ही एक गोष्ट. मिळालेले प्रमाणपत्र कोठवर ग्राह्य धरले जाणार, ही दुसरी. आणि त्या विद्येची प्रत्यक्ष कामात गरज केव्हा संपणार, ही तिसरी. टंकयंत्राच्या बाबतीत तिसरी गोष्ट सर्वांच्या आधी घडली, पहिली 2017 मध्ये, आणि दुसरी अद्याप घडलेली नाही. शिवाय संगणकावर मराठीसाठी रेमिंग्टन पद्धतीचा कळफलक निवडता येत असल्यामुळे बोटांनी कमावलेली सवयही पुष्कळशी तशीच उपयोगी पडली. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना ‘एमएस-सीआयटी’ ही संगणक साक्षरतेची परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी 31 डिसेंबर 2007 ची मुदत होती, तिचा प्रकार याहून निराळा. तेथे परीक्षा चालूच राहिली, मुदत माणसांना होती आणि ती चुकविणाऱ्यांच्या वेतनवाढीवर गदा आली. दोन्हींना लोक ‘लास्ट डेट’ म्हणत. परिणाम मात्र अगदी भिन्न.

जगातील बड्या संगणक कंपन्यांचा व्यवहार पाहिला तर तेथेही हेच दिसते. विंडोज एनटी 4.0 वरील ‘एमसीएसई’ प्रमाणपत्र धारण करणाऱ्यांनी 2001 च्या अखेरपर्यंत विंडोज 2000 च्या परीक्षा द्याव्यात, अन्यथा त्यांचे प्रमाणपत्र रद्द होईल, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले होते. म्हणजे परीक्षेबरोबर मिळविलेला हुद्दाही काढून घ्यावयाचा. त्यावर एवढी नाराजी झाली की मुदत सरण्यापूर्वीच, ऑक्टोबर 2001 मध्ये, कंपनीने तो निर्णय मागे घेतला. पुढे 2020 मध्ये त्याच कंपनीच्या ‘एमसीएसए’ आणि ‘एमसीएसई’ या प्रमाणपत्रांच्या परीक्षा 30 जूनला बंद व्हावयाच्या होत्या; महामारीमुळे ती तारीख 31 जानेवारी 2021 वर गेली. विंडोज सर्व्हर 2016 च्या ‘एमसीएसए’साठी तीन परीक्षा लागत, आणि तिसरी राहिलेल्या उमेदवाराला पहिल्या दोहोंचे ते प्रमाणपत्र मिळत नसे. सिस्को कंपनीची ‘सीसीएनए’ ही संगणक जाळ्यांविषयीची परीक्षा दोन टप्प्यांनी देण्याची सोयही 23 फेब्रुवारी 2020 नंतर राहिली नाही. दुसऱ्या दिवसापासून एकच नवी परीक्षा, आणि पहिला टप्पा उत्तीर्ण झालेल्यालाही ती अथपासून द्यावी लागे. टायपिंगच्या क्लासातील ‘थर्टी झाली, फॉर्टी राहिली’ हीच ती स्थिती.

म्हणून आज आंबिवली-टिटवाळ्याकडून ठाणे, ऐरोली किंवा महापे येथील संगणक कंपन्यांत जाणारा तरुण जेव्हा विचारतो की बंद होऊ घातलेली परीक्षा द्यावी की नवीची वाट पाहावी, तेव्हा टंकलेखनाचा हा इतिहास त्याला पुरेसे स्पष्ट उत्तर देतो. निम्म्याहून अधिक वाट चालून झाली असेल, तर सर्व कामे बाजूस सारून मुदतीच्या आत उरलेली पायरी चढावी, आणि तीही शेवटच्या आठवड्यात नव्हे, तर नापास झाल्यास पुन्हा बसता येईल एवढे दिवस हाती राखून. नुकती सुरुवात असेल, तर जुन्याचा मोह सोडून नवा अभ्यासक्रम धरावा. शंभर पानांच्या पुस्तकाची दहा पाने वाचून झाली म्हणून ते पूर्ण करण्याची सक्ती स्वतःवर करू नये. आणि मुदतवाढ मिळेल या आशेवर तर कधीच राहू नये. ती मिळते तेव्हा मिळते, परंतु तिच्यावर आखलेला बेत उमेदवाराच्या हातात नसतो.

उमेदवाराला एवढा उपदेश केल्यावर परीक्षा घेणाऱ्यांकडेही काही मागितले पाहिजे. बंद होण्याची तारीख निदान दोन परीक्षा आधी जाहीर करावी, ती फिरवू नये, जुने प्रमाणपत्र कोठवर चालेल हे त्याच जाहीरनाम्यात लिहावे, आणि अर्धी वाट चाललेल्याच्या श्रमाला नव्या परीक्षेत काही सूट द्यावी. यांतली शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तीच सर्वांत कमी वेळा मान्य होते.

राहता राहिले जुने प्रमाणपत्र. लिपिक-टंकलेखक पदाच्या जाहिरातींत लोकसेवा आयोग आवश्यक वेगाचे शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र किंवा शासनाने समतुल्य ठरविलेले संगणक टंकलेखनाचे प्रमाणपत्र, यांपैकी कोणतेही स्वीकारीत आला आहे. तेव्हा टंकयंत्रावर मिळविलेले प्रमाणपत्र ज्यांच्या घरी असेल, त्यांनी ते निकालात काढू नये, आणि नव्या परीक्षेची फी भरण्यापूर्वी जाहिरातीतील अर्हतेचा परिच्छेद एकदा नीट वाचावा.