पुण्याचा पावसाळी हंगाम आणि कधीच लागू न झालेला एक कायदा

माझ्या लहानपणी पावसाळ्यातला रविवार म्हणजे एम्प्रेस गार्डन. घोरपडीच्या चाळीतून वडील मला सायकलच्या दांडीवर बसवून नेत. बागेत शिरलं की ओळखीच्या माळ्याजवळ मला सोडत आणि 'आलोच' म्हणून जात, ते तीन-चार तासांनी उगवत. कधी हातात बिस्किटांचा पुडा असे, कधी काहीच नसे. त्या दिवशी परतीच्या वाटेवर ते एक शब्द बोलत नसत. बागेशेजारी रेसकोर्स आहे आणि वडील तिथे जातात, हे दोन्ही एकत्र जोडायला मला बरीच वर्षं लागली. आईने ते केव्हाच जोडलं होतं. तिच्या पाटल्या कोणत्या साली मोडल्या, हे तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

वडील गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत रेसची पुस्तकं सापडली, घोड्यांच्या नावांपुढे पेन्सिलीच्या खुणा केलेली. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. नोकरी कारखान्याच्या स्टोअर्समध्ये केली. जुने कायदे, गॅझेटिअर वाचायला लागलो ते या पुस्तकांपायी. पुण्यात कॅसिनो नाही, कधी नव्हता. पण जुगाराभोवती हॉटेलं, बागा, नाचगाणी आणि गाड्या जमून जे 'मौजेचं शहर' तयार होतं, ते कॅम्पात शंभर वर्षं तरी होतं, असं माझं मत या वाचनातून झालं.

याचं मूळ पावसात आहे. मुंबईत पाऊस लागला की महालक्ष्मीचं मैदान घोड्यांच्या कामाचं राहत नाही. पुणे घाटाच्या आडोशाला. इथे पाऊस मुंबईच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच. त्यामुळे मुंबईचा गव्हर्नर जूनमध्ये लवाजम्यासह गणेशखिंडीच्या बंगल्यात (आज तिथे विद्यापीठ आहे) यायचा आणि त्याच्यामागून घोडेही यायचे. लष्कराच्या जागेवरचं पुण्याचं रेसकोर्स क्लबच्या नोंदीनुसार १८३० सालचं. आजही पुण्याचा हंगाम पावसाळ्याचा आणि मुंबईचा हिवाळ्याचा, हे वेळापत्रक त्या काळाचं उरलेलं आहे.

१८६३ साली बोरघाटातला रेल्वेमार्ग पुरा झाला आणि मुंबईचा शौकीन पुण्यात सहज येऊ लागला. त्याला उतरायला कॅम्पात हॉटेलं निघाली. त्यांतल्या नेपिअर हॉटेलचं नाव इंग्रजी प्रवासी पुस्तकांत हटकून येतं. शर्यती नसत त्या दिवसांसाठी जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून झालेल्या बंधाऱ्याकाठची बंड गार्डन, नदीतला बोट क्लब, बँडस्टँड, आणि अर्थात माझी एम्प्रेस गार्डन. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली. आपण तिला चाकरमान्यांची गाडी म्हणून ओळखतो. मुळात ती शनिवार-रविवारची गाडी होती, सात डब्यांची, आणि डबे फक्त पहिल्या व दुसऱ्या वर्गाचे. एक गाडी रुपेरी रंगाची, लाल पट्ट्यांची; दुसरी निळी, सोनेरी रेघांची. रेसला येणारे श्रीमंत प्रवासी हे तिचं हक्काचं गिऱ्हाईक. तिसरा वर्ग तिला १९५५ साली जोडला गेला. पासधारकांना हे सांगितलं की ते आधी हसतात आणि मग जरा रागावतात.

आता कायदा. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने जुगाराचे अड्डे गुन्हा ठरवले. मुंबईचे व्यापारी पाऊस किती पडेल यावर पैजा लावत. १८९० मध्ये दुरुस्ती करून तीही वाट बंद केली. पण घोड्यांना वेगळी वागणूक मिळाली. १९१२ साली रेसकोर्स परवाना कायदा आला आणि परवान्याच्या कुंपणाआत लावलेली पैज वैध ठरली. तीच पैज कुंपणाबाहेर, भवानी पेठेतल्या पानाच्या ठेल्यावर लावली तर पोलीस उचलणार. पैसे तेच, घोडाही तोच; फक्त कुंपण मधे.

स्वातंत्र्यानंतर न्यायालयांनी यात भर घातली. शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांवरून मुंबई राज्य आणि चमारबागवाला यांचा खटला १९५७ साली सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा निकालात थेट ऋग्वेदातल्या जुगाऱ्याचा दाखला दिला गेला आणि जुगार हा व्यापारच नव्हे, असं ठरलं. पुढे १९९६ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे. हे वडिलांच्या हयातीत झालं असतं, तर त्यांनी तो निकाल चौकटीत घालून भिंतीवर लावला असता.

या दोन निकालांच्या मधे, १९७६ साली, एक चमत्कारिक गोष्ट घडली. आणीबाणी होती, शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होते, आणि महाराष्ट्राने चक्क कॅसिनोंचं नियंत्रण व कर यांचा कायदा केला. सरकार राजपत्रात सूचना काढेल त्या तारखेपासून तो अमलात येणार होता. ती सूचना निघालीच नाही. सरकारं आली-गेली, पक्ष बदलले, कायदा कागदावर तसाच पडून राहिला. तो लागू करा म्हणून उच्च न्यायालयात याचिकाही झाली. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. सत्तेचाळीस वर्षांत या कायद्याखाली ना परवाना दिला गेला, ना एक रुपया कर गोळा झाला. पर्यटनासाठी कॅसिनो हवा म्हणणाऱ्यांनी आणि नको म्हणणाऱ्यांनी त्याच्यावरून भांडण तेवढं केलं.

१९७६ सालीच गोव्यातही सार्वजनिक जुगारावरचा कायदा झाला. तो बंदीचा होता. १९९२ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या जुगाराला वाट मिळाली आणि पुढे मांडवीत बोटी उभ्या राहिल्या. म्हणजे ज्याने परवानगीचा कायदा केला त्याच्याकडे कॅसिनो नाही आणि ज्याने बंदीचा केला त्याच्याकडे आहे.

मोनॅकोने १८६३ नंतर कॅसिनोच्या जिवावर आपलं दिवाळं वाचवलं, पण स्वतःच्या नागरिकांना आत खेळायला बंदी ठेवली. गोव्यानेही २०२० मध्ये गोवेकरांसाठी तशीच बंदी जाहीर केली. परक्याचा पैसा यावा, घरचा जाऊ नये, हा त्यामागचा हिशोब. पुण्याच्या रेसकोर्सवर हा हिशोब कोणी मांडला नाही. हंगाम साहेबासाठी आणि मुंबईच्या शेठसाठी उभा राहिला. साहेब गेला, गव्हर्नरचा बंगला विद्यापीठाला मिळाला, नेपिअर हॉटेल संपलं आणि स्वस्त तिकिटाच्या फाटकातून आत जाणारा घोरपडीचा कामगार तेवढा उरला. कॅसिनोवर सभागृहात तावातावाने बोलणाऱ्यांनी या फाटकाबद्दल फारसं काही बोललेलं माझ्या वाचनात नाही.

कर खात्याला मात्र हा भेद मान्य नसावा. १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनो, घोड्यांची शर्यत आणि ऑनलाइन पैशांचे खेळ या तिन्हींवर पैजेच्या पूर्ण रकमेवर अठ्ठावीस टक्के जीएसटी लागू झाला. म्हणजे महाराष्ट्राने कॅसिनोचा कायदा मोडीत काढायचं ठरवलं त्याच पावसाळ्याच्या शेवटी घोडा आणि रुलेटचं चाक एकाच ओळीत येऊन बसले.

ट्रंकेतल्या पुस्तकांत १९७६ च्या पावसाळ्यातलं एक आहे. पाचव्या शर्यतीतल्या एका घोड्याभोवती दोनदा गोल केला आहे. मागच्या कोऱ्या पानावर वडिलांच्या अक्षरात दूध, रॉकेल, भाडं यांचे आकडे आहेत. 'शाळा' या शब्दापुढची जागा मोकळी सोडलेली आहे.